हिमरू, मशरू आणि गॅलरीतला बांध

यातला शब्द न् शब्द खरा आहे. शपथेवर सांगतो. शपथ कुणाची घ्यायची तेवढं तुम्हीच ठरवा, कारण बायकोची घ्यायला गेलो की ती म्हणते, "माझी नको, मला अजून जगायचंय." तर आमच्या घरी दोन ससे आहेत. दोन्ही कापसासारखे पांढरेशुभ्र. म्हणजे एक पांढराशुभ्र. दुसरा मातकट, आमच्या गल्लीतल्या रस्त्याच्या रंगाचा. पण पांढरेशुभ्र म्हटलं की ऐकणाऱ्याला बरं वाटतं, म्हणून तसं म्हणायची सवय लागली. तेवढं सोडलं तर सगळं खरं. आणि आणखी एक गोष्ट सोडली तर. ती शेवटी सांगतो.

सशांचे किस्से सशांच्या केसांसारखे असतात. सकाळी झाडून काढावेत, संध्याकाळी सोफ्याखाली पुन्हा गोळा. वाळूजला मी ज्या कारखान्यात स्टोअर सांभाळतो तिथं चहाच्या सुट्टीत लोक पगाराचं, पाण्याचं, पोरांच्या लग्नाचं बोलतात. मला मात्र एकच प्रश्न असतो. "काय साहेब, काल कोण जिंकलं?"

*

ससे आमच्या गार्गीचे. कॉलेजात असताना तिनं मैत्रिणीकडून एका वेताचे दोन भाऊ आणले आणि आपल्या गावच्या कापडांवरून त्यांची नावं ठेवली. पांढरा तो हिमरू, मातकट तो मशरू. हिमरूची शाल आमच्याकडं एक आहे, लग्नात आलेली. मशरूचं कापड मी आजवर पाहिलेलं नाही, ससा तेवढा पाहिला.

जोडी अशी, की तव्यावरून उतरलेल्या दोन भाकरी एकीवर एक ठेवाव्यात तसे चिकटून बसायचे. एकानं मान खाली घातली की दुसरा कपाळ चाटणार. मग गार्गीला पुण्यात नोकरी लागली. बसमध्ये चढताना माझा हात धरून म्हणाली, "बाबा, काहीही झालं तरी यांची ताटातूट करू नका. एक गेला की दुसरा झुरतो. प्रॉमिस करा."

मी म्हटलं, "अगं, मी असताना त्यांना कोण वेगळं करतो?"

बस सिडकोच्या चौकातून वळली असेल-नसेल, घरात पहिली लढाई झाली.

मी गॅलरीत चहा घेत होतो. हिमरूनं मागचा पाय आपटला. मशरू उठला. दोघं एकमेकांच्या शेपटीमागं गोल फिरायला लागले, आणि मी कौतुकानं बघत राहिलो, म्हटलं गार्गी गेल्याच्या दुःखात बिचारे फुगडी घालतायत. तेवढ्यात चहाच्या कपात केसांचा पुंजका येऊन पडला. मग दुसरा पुंजका. मी माणसांच्या भांडणात पडतो तसा मध्ये हात घातला आणि अंगठा घेऊन बाहेर आलो. अंगठा जागेवर होता, एवढंच म्हणायचं.

सरकारी दवाखान्यात इंजेक्शनच्या रांगेत माझ्या पुढच्याला कुत्र्यानं पोटरीला धरलं होतं, मागच्याला माकडानं. सिस्टरनं विचारलं, "कशानं चावलं?"

"सशानं."

तिनं पेन खाली ठेवलं. मागं वळून दुसऱ्या सिस्टरला हाक मारली. "ताई, इकडं या. ससा आलाय." माकडवाला आपली जखम विसरून माझा अंगठा बघायला पुढं आला. पेन खाली ठेवणारी माउली ते पुन्हा उचलून मला हळूच म्हणाली, "कुत्रं लिहिते. तुमचीच इज्जत राहील."

*

सुनंदा, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, हिमरूच्या बाजूच्या. मी मशरूच्या. सुनंदाचं म्हणणं, मशरू आडदांड आहे. माझं म्हणणं, हिमरू खोड काढतो आणि मग साळसूदपणे कान खाली पाडून बसतो. घरात हा विषय निघाला की दोन्ही ससे शांत झोपतात आणि आमचं सुरू होतं.

शेवटी जनावरांच्या डॉक्टर मॅडमकडं गेलो. चिडका म्हणून फक्त हिमरूला नेलं. मॅडमनी त्याचं तोंड उघडून पाहिलं आणि म्हणाल्या, "मागचा दात वाढून गालाला टोचतोय. दुखतंय म्हणून चिडतोय. तुमचा दात दुखला तर तुम्ही कसे वागता?"

"मी लोकांना चावत नाही," मी म्हटलं.

"घरी विचारते," त्या म्हणाल्या.

दात घासून दिला. खूष होऊन हिमरूला घरी आणून गॅलरीत सोडलं. मशरूनं दोनदा हुंगलं आणि थेट मानगुटीला धरलं. मी तिथूनच फोन लावला. "मॅडम, दुखणाऱ्याचा दात बरा केलात, आता न दुखणारा चावतोय."

"तुम्ही एकट्यालाच आणलं होतं ना? आता त्याला दवाखान्याचा वास आलाय. दुसऱ्याला वाटतं कुणी परका घुसला. पुढच्या वेळी दोघांना एका टोपलीत आणा."

मग त्यांनी नियम सांगितले. नुसती कुरबुर, पाठलाग, तर लक्ष द्यायचं नाही. केस उडायला लागले की मध्ये काहीतरी आडवं घालायचं, पण हात घालायचा नाही. रक्त निघालं तर लगेच वेगळं करायचं, तेही एकमेकांना दिसतील, वास येईल असं. पुन्हा एकत्र आणायचं तर दोघांपैकी कुणाचीच नाही अशा जागेत आणायचं. आणि मुख्य म्हणजे, पूर्ण ताटातूट करायची नाही, मग एकमेकांना विसरतात.

हे सगळं मी घरी येऊन सुनंदाला सांगितलं. तिनं त्यातलं एकच उचललं. मध्ये काहीतरी आडवं घालायचं.

*

ते काहीतरी म्हणजे सूप. धान्य पाखडायचं, वेताचं. एक गॅलरीच्या दारामागं, एक हॉलमध्ये सोफ्याशेजारी, एक स्वयंपाकघरात. घरात माणसं दोन, सुपं मात्र तीन.

एकदा माझे कारखान्यातले साहेब सपत्नीक चहाला आले. साहेब सांगत होते, "आमच्या मिसेसचं म्हणणं, घरात पाळीव प्राणी असला की कसं शांत वाटतं." सुनंदा हसून "हो ना" म्हणाली. त्याच क्षणी गॅलरीत पाय आपटल्याचा आवाज झाला. सुनंदानं चहाचा ट्रे साहेबांच्या मांडीवर ठेवला, सोफ्याशेजारचं सूप उचललं, आणि साडी खोचून अशी धावली, की साहेबांच्या मिसेस पाय वर घेऊन सोफ्यावर बसल्या. आतून धाडधाड आवाज. "सोड त्याला मेल्या! सोड म्हणते ना!"

ती परत आली, पदर सारखा केला, केस मागं घेतले, आणि म्हणाली, "साखर पुरेशी आहे ना?"

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून दार लावलं आणि हळू आवाजात विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना? कुणाला सोड म्हणत होत्या?"

*

आमच्या खालच्या मजल्यावर जहीरभाई राहतात. जुनी काळी-पिवळी जीप आहे त्यांची. कितीतरी वर्षं कन्नडच्या रस्त्यावर सीट भरून चालवली, आता फक्त ओळखीपाळखीत. सल्ला मात्र ते अनोळखी माणसालाही देतात.

मी त्यांना डॉक्टर मॅडमचं वासाचं प्रकरण सांगितलं. ते म्हणाले, "अरे भाई, इत्ती सी बात? दोनों को एकच वास लगा दो. शहागंज में अपने पहचान का अत्तरवाला है."

हिना अत्तर आणलं. हिमरूच्या पाठीवर एक थेंब, मशरूच्या पाठीवर एक थेंब. मशरू हलला आणि बाटली माझ्या शर्टावर.

त्या दिवशी ससे भांडले नाहीत, हे खरं आहे. दिवसभर दोघं शिंकत, अंग चाटत, दोन कोपऱ्यांत पाठ करून बसले. मी मात्र कंपनीच्या बसमध्ये चढलो तर अख्खी बस मागं वळली. एकजण म्हणाला, "कुणाचं लग्न काढलं?" दुसरा म्हणाला, "ह्यांचं झालंय की आधीच." पहिला म्हणाला, "म्हणूनच विचारतोय."

मॅडमना फोन केला तर त्या फोनवरच ओरडल्या. "अहो, वास एकमेकांचा म्हटलं होतं! त्याच्या अंगावरून फिरवलेलं फडकं ह्याच्या अंगावर. दुकानाचा वास नाही सांगितला. नाक केवढं तीक्ष्ण असतं त्यांचं, पुन्हा असं काही लावू नका."

मी जहीरभाईंना जाब विचारला. ते शांतपणे म्हणाले, "लडे क्या?"

"नाही लडे."

"फिर?"

*

मग केळ्याचा प्रयोग. हा मॅडमनीच सांगितला होता, म्हणजे ह्यात माझा दोष नाही. दोघांच्या कपाळाला कुस्करलेलं केळं अगदी थोडं लावायचं. एकमेकांचं चाटतात, आणि चाटता चाटता पुन्हा ओळख होते.

त्या दिवशी सुनंदाचा धाकटा भाऊ बाळासाहेब कन्नडहून आलेला होता. शेती करतो, मका आणि आलं. जनावरातलं आपल्याला कळतं असा त्याचा समज आहे आणि तो कुणी काढू शकलेलं नाही. मी केळं लावलं. आम्ही तिघं सुपं घेऊन उभे. हिमरूनं मशरूचं कपाळ चाटलं. मशरूनं डोळे मिटले. सुनंदाच्या डोळ्यांत पाणी. हिमरू चाटत राहिला, चाटत राहिला, केळं संपलं, आणखी दोनदा चाटून खात्री केली, आणि मग मशरूच्या कानाला चावला.

बाळासाहेब म्हणाला, "दाजी, हे तर आमच्या ग्रामपंचायतीतलं झालं."

आणि मग सूप भिंतीला टेकवून तो एकदम गंभीर झाला. "तुमी येड्यावानी केळं काय लावताय? हे भाऊ हायेत का नाय सख्खे? मंग भावाभावाचं भांडण केळ्यानं मिटतंय व्हय? वाटणी करा."

*

मी नको म्हणत होतो. मॅडमनी सांगितलेलं सगळं बाळासाहेबाला परत सांगितलं. तो म्हणाला, "त्या मॅडमला जमीन किती हाय?"

खाली कुणाच्या तरी बांधकामाच्या विटा पडल्या होत्या, त्या वर आणल्या. बाळासाहेबानं गॅलरी डोळ्यांनी मापली, मग पावलांनी, मग सुनंदाच्या शिवणाच्या टेपनं. मधोमध विटांचा बांध घातला, दोन विटांची उंची. पूर्वेकडचा भाग थोरल्याला, पश्चिमेकडचा धाकट्याला. एका वेताचे असून थोरला कोण ते त्यानं कसं ठरवलं विचारू नका. हिमरू थोरला ठरला, कारण तो पांढरा. दोघांना वेगळी गवताची टोपली, वेगळी सावली. तुळशीची कुंडी बांधावर, उत्पन्न निम्मं-निम्मं. पाण्याचं भांडं मात्र एकच. "इहीर सामाईक ठिवायची. दोन इहिरी कुणाला परवडतात?"

मी म्हटलं, "बाळासाहेब, पाणी सामाईक ठेवलं तर भांडण तिथंच होईल."

"रोज पाळी लावा. एक दिस ह्याचं पाणी, एक दिस त्याचं."

"अहो, आमच्याच नळाला रोज पाणी येत नाही!"

बांध घालून झाला. आधी दोघं भांडायचे तरी मधूनमधून. आता हिमरू बांधाच्या अलीकडं, मशरू पलीकडं, दिवसभर समोरासमोर. एकानं विटेला हनुवटी घासायची की दुसऱ्यानं त्याच विटेवर घासायची. झोपणं नाही, खाणं नाही, नुसती राखण. उडी मारून पलीकडं जाणं दोघांनाही सहज जमलं असतं, पण जात नव्हते. बांध राखत होते. आणि कुणी नजर चुकवून गेलाच, तर केस बांधाच्या दोन्ही बाजूंना सारखे पडायचे. ती वाटणी तेवढी न्यायाची झाली.

त्याहून वाईट म्हणजे आम्ही दोघं. मी म्हणायचो, मशरूकडं दुपारचं ऊन येतं, हा अन्याय आहे. सुनंदा म्हणायची, हिमरूकडं पावसाची झड येते ते दिसत नाही का. एकदा ती बाजारात गेली असताना मी एक वीट थोडी सरकवली. ती परत आली, पिशवी खाली ठेवायच्या आधी गॅलरीकडं पाहिलं आणि म्हणाली, "बांध कोरला का?"

आता बाळासाहेबाला वाटणीतलं एवढं कसं कळतं, ते सांगायला हवं. कन्नडला त्यांचं वडिलार्जित रान आहे. थोरले भाऊ आणि बाळासाहेब यांच्यात बांध आहे, आणि त्या बांधावरून दोघं एकमेकांशी एक अक्षर बोलत नाहीत. गार्गी शाळेत होती तेव्हापासून. लग्नाकार्यात शेजारी बसायची वेळ आली तर मधल्या माणसाला म्हणतात, "त्यास्नी सांगा, मीठ सरकवा म्हणावं." आणि मीठ दोघांच्या मध्ये असतं. भाऊबीजेला थोरले सकाळी येतात, बाळासाहेब संध्याकाळी. सुनंदा दोनदा आंघोळ करते, दोनदा पाट मांडते, दोनदा ओवाळते, आणि मधल्या दुपारी भांडी जोरात आपटते. त्या दिवशी मी घरात फार बोलत नाही.

*

रक्त निघालं तेव्हा दिवाळी तोंडावर आली होती. मशरूचा कान फाटला. फार नाही, पण रक्त ते रक्त. सुनंदानं हळद दाबली आणि उभी राहिली. तिचा आवाज चढला नाही, म्हणून मी घाबरलो.

"बास झालं. मशरू बाळूकडं कन्नडला जाईल. उद्याच."

"गार्गीला काय सांगायचं? तिला शब्द दिलाय मी."

"तुम्ही शब्द खूप देता. पोरगी दिवाळीला येईल आणि एक मेलेला बघेल, ते चालेल?"

बाळासाहेबाला फोन गेला, सकाळी न्यायला येतो म्हणाला. मी मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "निदान एकदा तटस्थ जागेत नेऊन बघा. कुणाचीच नाही अशी जागा. मी फारसं सुचवत नाही, पण काही लोक गाडीतून एकत्र फिरवतात. थोडं घाबरले की एकमेकांना धरतात. लक्ष मात्र ठेवा. आणि हिंमत सोडू नका."

हिंमत माझ्याकडं नव्हती. जीप होती, जहीरभाईंची.

मी सुनंदाला म्हटलं, "मशरूला सोडायला हिमरूलाही नेतो. शेवटची भेट."

ती म्हणाली, "न्या. आणि दादा पण आलाय डोळे तपासायला. त्यालाही कन्नडपर्यंत सोडा, एसटीत कुठं धक्के खाईल." दादा म्हणजे थोरले. मी तिच्याकडं पाहिलं. ती कणीक मळत होती. कणीक मळणाऱ्या बाईच्या तोंडावरून काही कळत नाही.

दोन्ही भावांना दुसऱ्याचं माहीत नव्हतं. थोरले आधीच जीपमध्ये मागं बसलेले, डोळ्यांत औषध घातलेलं, काळा चष्मा. बाळासाहेब वरून सशांची टोपली घेऊन खाली आला, मागची ताडपत्री वर केली, आणि तसाच उभा राहिला. उतरावं तर थोरल्यांची हार. न चढावं तर बाळासाहेबाची हार. दोन्ही कुणालाच परवडणारं नव्हतं. बाळासाहेब चढला.

काळ्या-पिवळ्या जीपमध्ये मागं समोरासमोर बाकं असतात. गुडघ्याला गुडघा लागतो. मध्ये टोपली, टोपलीवर जाळी, जाळीवर सूप. मी पुढं जहीरभाईंच्या शेजारी. ताडपत्री खाली सोडलेली.

छावणी ओलांडली तेव्हा थोरले म्हणाले, "दाजी, त्यास्नी सांगा, टोपली माज्या पायावर टेकलीय."

मी मागं वळून म्हटलं, "बाळासाहेब, टोपली..."

"दाजी, त्यास्नी सांगा, पाय माज्या हद्दीत हाय."

जहीरभाईंनी आरशात बघून खड्डा शोधला आणि त्यातून गाडी घातली. टोपली उडाली, दोन्ही भावांनी एकदम धरली. आत दोन्ही ससे एका कोपऱ्यात गोळा झाले. "दाजी, त्यास्नी सांगा, जोरात धरू नका, घाबरलंय लेकरू." "दाजी, त्यास्नी सांगा, मला शिकवू नका." माझी मान दुखायला लागली. ह्याचं त्याला सांगायचं आणि त्याचं ह्याला, दोन्ही मीच. घरी नुसते दोन ससे असायचे, गाडीत दोन ससे आणि दोन मेहुणे, आणि सूप एकच.

दौलताबादचा चढ लागला. रस्ता तिथं जुन्या दरवाज्यातून जातो, एकावेळी एकच मोठी गाडी मावते. दरवाज्याच्या अलीकडं जहीरभाईंनी जीप उभी केली, इंजिन बंद केलं आणि मोठ्यानं म्हणाले, "लो! ट्रक फंसेला है दरवाजे में."

मागून हॉर्न सुरू झाले. मोटरसायकलवाले कडेनं जाताना काहीबाही बोलून जात होते. मी म्हटलं, "बघून येतो किती वेळ लागतोय," आणि उतरलो. जहीरभाईही उतरले.

मागून थोरल्यांचा आवाज आला, "दाजी, त्यास्नी सांगा..." पण दाजी नव्हतेच.

कडेला सीताफळवाल्या बाया बसल्या होत्या. आम्ही सीताफळं घेतली, उभ्यानं खाल्ली, बिया किती लांब जातात ते पाहिलं. जीपमधून आवाज येत नव्हता. मग एकदा पाय आपटल्याचा आवाज आला. मी निघालो तर जहीरभाईंनी हात धरला. "रुको. ससा था. आदमी का पाँव ऐसा नहीं बजता."

बऱ्याच वेळानं मी ताडपत्री वर केली.

दोन्ही भाऊ एकाच बाकावर होते. समोरच्या बाकावर ऊन येत होतं असं नंतर बाळासाहेबानं सांगितलं. मला काही तिथं ऊन दिसलं नाही. टोपली दोघांच्या मांड्यांवर, अर्धी-अर्धी. जाळी उघडी. थोरल्यांचं उपरणं आत अंथरलेलं. मशरूनं मान हिमरूच्या हनुवटीखाली घातली होती आणि हिमरू त्याचा फाटका कान चाटत होता. ह्या वेळी केळं नव्हतं.

थोरल्यांनी काळा चष्मा काढला होता. ते टोपलीकडं बघत म्हणाले, "बाळ्या, सरळ धर. कलतीय."

बाळासाहेबानं सरळ धरली.

मी काहीच ऐकलं नाही असं दाखवत म्हटलं, "रस्ता मोकळा झाला. निघायचं?"

बाळासाहेब म्हणाला, "दाजी, गाडी माघारी घ्या. ह्याला नाय न्यायचा. कुत्री लई हायेत आमच्याकडं."

थोरले म्हणाले, "तुज्याकडं कुठायत कुत्री?"

"तुमचीच येत्यात की, बांधावरून."

मागचा हॉर्न कुणीतरी दाबून धरला होता. थोरल्यांनी उपरण्याचं टोक ओढून सशांवर घातलं. मग म्हणाले, "बांधून ठिवीन."

*

आम्ही परत आलो तेव्हा सुनंदा दारातच होती. आधी टोपली उतरली, मग बाळासाहेब, मग त्याच्या खांद्याला धरून थोरले. ती तशीच वळली. आत जाऊन भातात आणखी दोन मुठी तांदूळ घातले एवढं मला ऐकू आलं. गॅलरीतल्या विटा बाळासाहेबानंच खाली नेऊन टाकल्या, जेवायच्या आधी.

गार्गी दिवाळीला आली, दोघांना एकावर एक बसलेलं पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, किती शहाणे राहिलेत हो." त्याच आठवड्यात त्यांनी पुन्हा एकमेकांचे केस काढले. सूप घातलं, मिटलं. ससेच आहेत, भांडणारच. भाऊबीजेला सुनंदानं पाट एकदाच मांडला. दोन पाट, शेजारी शेजारी.

आणि ती सोडलेली एक गोष्ट. शेवटी सांगतो म्हणालो होतो. बाकी सगळं खरं, अंगठ्यापासून उपरण्यापर्यंत. पण दौलताबादच्या दरवाज्यात त्या दिवशी ट्रक अडकलाच नव्हता. मागचे सगळे हॉर्न आम्हालाच होते.